वकिलातीचे पाठकोरे

वकील हा शब्द आज काळा डगला घालून न्यायमंदिरात उभा असतो. पण दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्याचा रुबाब निराळा होता. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहून आपल्या धन्याचे हित पाहणारा, तिकडील बित्तंबातमी इकडे लिहून धाडणारा, आणि प्रसंग पडल्यास दोन्ही दरबारांचा रोष निमूटपणे सोसणारा गृहस्थ. दिल्लीस हिंगणे होते, निजामाकडे गोविंदराव काळे होते. उलट दिशेने इंग्रजांचा मॅलेट १७८६ साली पुण्यास येऊन राहिला. त्या जुन्या अर्थाची खूण आपल्या बोलण्यात आता एवढीच उरली आहे की, परराष्ट्राच्या कचेरीस आपण अद्याप ‘वकिलात’ म्हणतो. अशाच एका वकिलातीत, मुंबई मुक्कामी, आम्ही एकोणतीस वर्षे नोकरी केली. राष्ट्राचे नाव मात्र वाचकांनी विचारू नये. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या घरची भांडी वेशीवर नेऊन मोजणे बरे नव्हे. शिवाय जे सांगणार आहोत ते थोड्याफार फरकाने सगळ्याच वकिलातींचे आहे.

वकिलातीत नोकरी म्हटली की आमच्या आप्तेष्टांच्या डोळ्यांपुढे तह, खलिते, मेजवान्या आणि गुप्त मसलती यांचा देखावा उभा राही. वस्तुस्थिती अशी की तह झालेच तर ते दिल्लीस होत. आमच्याकडे त्यांचे कागद तेवढे येत. आमच्या खात्याचे इंग्रजी नाव मोठे भारदस्त होते. पण मराठशाहीतला शब्द वापरायचा तर आम्ही तेथील कारखानीस होतो. कागदांची रिमे, विजेची बिले, पाण्याची टाकी, वातानुकूलनाची यंत्रे, माळी, सफाई, आणि राष्ट्रदिनाच्या समारंभाच्या खुर्च्या, एवढे आमचे परराष्ट्रीय धोरण. रिओ येथे १९९२ साली, क्योटोस १९९७ साली, पॅरिसला २०१५ साली पृथ्वीच्या हवामानाविषयी जे काही ठरले, ते ठरविणारी मंडळी अशाच कचेऱ्यांतून उठून तेथे गेली होती. ती उठून गेल्यावर त्यांच्या खोलीतले दिवे कोण मालवीत होते, हा प्रश्न इतिहासकारांस क्षुद्र वाटेल. आम्हांस तो पगारातच दिलेला होता.

प्रथम एक कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे पुष्कळसे तीवर उभे आहे. राजदूतांच्या कचेऱ्यांविषयी १९६१ साली व्हिएन्ना येथे एक करार झाला आणि कॉन्सलांच्या, म्हणजे आमच्यासारख्या कचेऱ्यांविषयी १९६३ साली दुसरा. पहिल्याच्या बाविसाव्या कलमाने असे ठरले की, वकिलातीच्या वास्तूत यजमान सरकारच्या कोणत्याही अंमलदाराने प्रमुखाच्या संमतीवाचून पाऊल टाकू नये. दुसऱ्याने कॉन्सलांच्या कामकाजाच्या जागेस जवळजवळ तेच अभय दिले; फक्त आग लागली किंवा तसाच तातडीचा अनर्थ ओढवला तर संमती गृहीत धरावी, अशी सवलत ठेवली. पाहुण्यांनी यजमान देशाचे कायदे पाळावे असेही कलम दोन्ही करारांत आहे, पहिल्यात एकेचाळिसावे आणि दुसऱ्यात पंचावन्नावे. पण पाळले की नाही हे आत शिरून पाहणार कोण? महानगरपालिकेचा माणूस शेजारच्या इमारतीत ओला आणि सुका कचरा एकत्र का केला म्हणून दंडाची भाषा बोलतो, आणि आमच्या फाटकापाशी आला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. आपल्या लोकांस हे नाते समजण्यास अवघड नाही. घरी आलेल्या जावयाने नळ उघडा टाकला तर सासरा स्वतः उठून तो बंद करतो. जावयास कोणी बोलत नाही. वकिलात ही यजमान देशाच्या घरी जावयाच्या मानाने राहते. कायदा उंबऱ्यापाशी थांबतो, आणि आत जे व्हावयाचे ते आतल्या माणसाच्या लाजेवर अवलंबून राहते. पृथ्वी हळूहळू तापत चालली आहे ही आग त्या सवलतीतील आगीत मोडते की नाही, याचा निवाडा अद्याप कोणी दिलेला नाही.

आमचा पहिला झगडा कागदाशी झाला. ‘पाठकोरा’ हा आपल्या भाषेतला किती नेमका शब्द आहे! एका बाजूस लिहिलेला आणि पाठीने कोरा राहिलेला कागद; त्यास स्वतंत्र नाव देणाऱ्या लोकांनी कागदाची किंमत ओळखली होती यात शंका नाही. आमच्या लहानपणी वडील पाठकोऱ्यांच्या वह्या स्वतः दाभणाने शिवून देत. एका बाजूस कुठल्याशा पतपेढीचा ताळेबंद आणि दुसऱ्या बाजूस आमची त्रैराशिके. जुन्या काळच्या वकिलांचे कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांस त्यांतील दाटी आठवत असेल. जुन्नरचा किंवा दौलताबादेकडचा हातकागद, त्यावर न थांबता धावणारी मोडी, आणि जागा संपली तर समासात चढलेला मजकूर. एका दरबाराची सारी कारस्थाने त्या दोन बोटे रुंदीच्या पट्टीत मावत. आमच्या कचेरीत ‘सोबतचा कागद पाहावा’ एवढ्या एका ओळीसाठी राजमुद्रा उठविलेला, बोटांस जाड लागणारा पांढराशुभ्र ताव खर्ची पडे. शिवाय त्याच्या तीन प्रती.

आम्ही सुचविले की खर्डे आणि आपापसांतली टिपणे पाठकोऱ्यांवर लिहावी. उत्तर ताबडतोब आले: गोपनीयता. या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. ज्या कागदावर कोणा अर्जदाराचे नाव, पारपत्राचा क्रमांक आणि बँकेतील शिल्लक आहे, त्याच्या पाठीवर चहासाखरेची यादी लिहिणे हा त्या अर्जदाराचा विश्वासघात होईल. असे कागद यंत्रात घालून त्यांचा बारीक चुरा करावाच लागतो. आणि तो चुरा पुन्हा कागद करणाऱ्यासही नकोसा असतो, कारण त्यातला तंतूच तुटलेला असतो. पण उपाहारगृहातील बुधवारचा बेत हे राष्ट्राचे गुपित आहे काय? रजेचा अर्ज? लिफ्ट दोन दिवस बंद राहील ही सूचना? आम्ही दोन तबके ठेविली, एक गुपितांसाठी लाल आणि एक पाठकोऱ्यांसाठी साधे. सहा महिने साध्या तबकातला कागद कोणी उचलला नाही. अखेर एका तरुण व्हाइस-कॉन्सलने खरे कारण बोलून दाखविले. “पाठकोऱ्यावर टिपण गेले,” तो म्हणाला, “तर वरच्यांना वाटेल की आम्हाला कागद परवडत नाही.”

म्हणजे प्रश्न गोपनीयतेचा नव्हता, मानाचा होता. हे आमच्या ध्यानात आल्यावर आम्ही आकडे मांडणे सोडून दिले. त्या सुमारास जे प्रमुख होते ते निवृत्तीस टेकलेले, महायुद्धाच्या टंचाईत बालपण गेलेले गृहस्थ. एके दिवशी ते भाषणाचा खर्डा लिहावयास कागद मागण्यासाठी स्वतःच आमच्या खोलीत आले, साध्या तबकातून मूठभर पाठकोरे उचलले, आणि पेन्सिलीने लिहिलेला तो खर्डा तसाच टंकलेखनास पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी तबक दुपारच्या आत रिकामे झाले. पुढे छपाईची यंत्रे आली, तेव्हा ती मुळातच कागदाच्या दोन्ही अंगांस छापतील अशी लावून घेतली. यंत्रास एकदा शिकविले की पुरते; माणसांचे तसे नसते, आणि प्रमुख बदलले की माणसे पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागतात. त्याविषयी पुढे सांगू.

कागदाहून मोठा शत्रू थंडी. मुंबईत थंडी कसली, असे ज्यांस वाटते त्यांनी मे महिन्यात आमच्या कचेरीत यावे. बाहेर घामाच्या धारा आणि आत अठरा अंशांवर लावलेली यंत्रे. आमच्या शेजारच्या बाई बारा महिने खुर्चीच्या पाठीवर स्वेटर ठेवीत, आणि वैशाखात तो अंगात घालीत. ही थंडी कोणासाठी? तर लोकरी सूट, बंद गळा आणि टाय अशा पोशाखात येणाऱ्या साहेबांसाठी. पोशाख बदलला असता तर यंत्र बदलावे लागले नसते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे असे की, यंत्राचे तापमान एक अंशाने वर नेले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. त्या ब्यूरोने २०१८ साली २४ अंशांची शिफारस केली आणि १ जानेवारी २०२० पासून घरगुती खोल्यांची नवी यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येऊ लागली. पण टाय आणि वीज यांचा संबंध जपानने याच्या कितीतरी आधी ओळखला होता. तेथील सरकारने २००५ च्या उन्हाळ्यात कचेऱ्यांतले तापमान २८ अंशांवर ठेवण्याचे ठरविले, आणि पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायवाचून लोकांपुढे आले. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत २००८ च्या ऑगस्टात बान की-मून यांनी पारा ७२ वरून ७७ फॅरनहाइटवर नेला आणि प्रतिनिधींस हलके कपडे घालून येण्यास सांगितले.

आम्ही ही उदाहरणे टिपणात घालून वर पाठविली. उत्तर आले की, सूचना स्तुत्य आहे, परंतु पाहुण्यांची गैरसोय होऊ नये. पाहुणे म्हणजे मुंबईचे व्यापारी! ते बिचारे आमच्याकडे यावयाचे म्हणून सूट चढवीत आणि आम्ही त्यांनी सूट चढविला म्हणून यंत्र अठरावर ठेवीत असू. दोघेही एकमेकांचा मान राखीत होते आणि बिल तिसऱ्याच्या नावे चढत होते. किगाली येथे ऑक्टोबर २०१६ मध्ये याच यंत्रांतील एचएफसी वायूंस आळा घालण्याचा ठराव झाला. त्याचे अभिनंदनपर परिपत्रक आम्ही वाचले तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरील यंत्राचा वायू गळत असल्याची तक्रार चौथ्यांदा नोंदविलेली होती. हे आम्ही कुचेष्टेने सांगत नाही. करार करणारा आणि नळ दुरुस्त करणारा हे एकाच घरात राहूनही एकमेकांस भेटत नाहीत, एवढेच दाखवावयाचे आहे.

यंत्रावाचून गारवा करण्याची विद्या वकिलातींस ठाऊक नव्हती असे नाही. दिल्लीस शांतिपथावर अमेरिकेची वकिलात आहे. एडवर्ड ड्युरेल स्टोन या वास्तुकाराने ती बांधली आणि १९५९ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. भोवताली नक्षीदार जाळ्यांची भिंत, उन्हाचा मारा सोसणारे वरचे निराळे छप्पर, आणि मध्यभागी कारंज्यांचे पाणी असलेला चौक. जाळी आपल्याकडची, चौक आपल्याकडचा, चौकातले पाणी मोगलांचे, बांधणारा परका. तिच्या पोटातही यंत्रे आहेतच, हे खरे. पण उन्हाशी भांडण्याआधी त्याच्याशी बोलणी करून पाहावी, ही रीत त्या वास्तूत दिसते, आणि वकिलातीस ती शोभते. कामानिमित्त दिल्लीस गेलो असता आम्ही ती रस्त्यावरून पुष्कळ वेळ पाहत उभे होतो. पहारेकऱ्याने पुढे जाण्यास सांगितले तेव्हा भानावर आलो.

अमेरिकेच्याच वकिलातींची आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. बीजिंगच्या वकिलातीने २००८ साली आपल्या आवारात हवेतील सूक्ष्म धूळ मोजणारे एक यंत्र बसविले आणि त्याचे आकडे तासातासास प्रसिद्ध करावयास आरंभ केला. हेतू आपल्या माणसांनी केव्हा बाहेर पडावे हे सांगण्याचा. परंतु आकडा फाटकाबाहेर गेला, शहरातल्या लोकांनी तो वाचला, आणि २०१२ साली चीनच्या एका उपमंत्र्याने तक्रार केली की, परक्या वकिलातींनी असे आकडे देणे व्हिएन्ना कराराच्या भावनेस सोडून आहे. पुढे लवकरच चीन सरकार स्वतःच ते आकडे प्रसिद्ध करू लागले. दिल्ली आणि मुंबईसही अशी यंत्रे बसली. ज्या ज्या शहरांत अमेरिकन वकिलातींनी अशी मोजणी लोकांपुढे मांडली, तेथे हवेतील धूळ पुढे घटलेली दिसते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. एका कचेरीच्या आवारातले एक यंत्र. त्याने कोणास आज्ञा केली नाही की तह केला नाही. आणि २०२५ च्या मार्चमध्ये खर्चाचे कारण सांगून त्या सरकारने हे आकडे जगास देणे बंद केले. काटकसर कशाला म्हणावे आणि कृपणपणा कशाला, हे ठरविण्यास आमच्या वडिलांना दाभण आणि दोरा पुरत असे. मोठ्या सरकारांस ते जमत नाही असे दिसते.

पण इतक्या दूर कशाला जावे? आमच्या फाटकाशी येऊ. व्हिसा मागणाऱ्यांची रांग सकाळी सातापासून लागे. कोणी नाशिकहून रात्रीच्या गाडीने आलेला, कोणी कोल्हापूरहून. मुलाकडे बाळंतपणास निघालेल्या आजीबाई, हातात प्रतींची जाडजूड चळत. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली. आत बाटली नेण्यास मनाई, म्हणून फाटकाशी एक पिंप ठेविलेले. त्यात भरलेल्या, अर्ध्या, नुकत्याच उघडलेल्या बाटल्या पडत. दुपारपर्यंत पिंप ओसंडून वाही. आत गेलेल्यास तहान लागली की आम्ही त्यास छोटी प्लॅस्टिकची बाटली देत असू, कारण देशाचे औदार्य दिसले पाहिजे. म्हणजे एकाच माणसाची पाण्याची एक बाटली फाटकाशी हिरावून घ्यावयाची आणि दुसरी खिडकीपाशी नजर करावयाची! महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर बंदी घातली तेव्हा आम्ही हा विषय पुन्हा काढला. आत गाळणीचे यंत्र आणि स्टीलचे पेले ठेवावे म्हटले, तर पाण्यात कोणी काही कालविले तर जबाबदार कोण, असा प्रश्न निघाला. समित्या बसल्या. उपाय निघाला तो समितीतून नव्हे. आमचा पहारेकरी साताऱ्याकडचा. तो एके दिवशी सहज म्हणाला, “साहेब, देवळाबाहेर चपलांना बिल्ला देतात की नाही? तसा बाटलीला द्या. येताना ज्याची त्याला.” एक लाकडी मांडणी आणि पितळेचे बिल्ले, एवढ्यावर काम झाले. पिंप आठवड्याभरात निरुपयोगी ठरले; पुढे माळ्याने त्यात पालापाचोळ्याचे खत घातले. आतल्या खोलीत तोटीचे भांडे आणि पेले आले ते मात्र आणखी दोन वर्षांनी, राजधानीहून संमती आल्यावर.

राष्ट्रदिनाच्या मेजवानीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे आम्ही फारसे जिंकलो नाही. विमानातून आलेली फुले, विमानातून आलेले चीज, आणि दुसऱ्या दिवशी मागील दाराशी त्यांचे मिश्र स्वरूप. आमचा आचारी गोव्याचा, अनुभवी. तो म्हणे, “येतो म्हणून कळविणारे येत नाहीत, आणि न कळविणारे कुटुंबासह येतात, मी कोणाच्या पोटाचा अंदाज घेऊ?” ताटे काचेची झाली, फुले दादरच्या बाजारातली झाली, शेवंती आणि निशिगंध, एका प्रमुखांच्या पत्नीस ती इतकी आवडली की त्यांनी त्यांची नावे मराठीत पाठ केली. उरलेल्या अन्नाचा प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाही. ते बाहेर कोणास द्यावे तर कोणास बाधल्यास राष्ट्राची बदनामी. न द्यावे तर खत. खत फार उत्तम होत असे.

एका हिशेबी तरुण अधिकाऱ्याने आम्हांस एकदा कागदावर मांडून दाखविले की, पाठकोरे आणि बाटल्या यांनी वर्षभरात जे वाचते ते त्याच्या एका राजधानीच्या वारीत विमानातून धूर होऊन जाते. त्याचे गणित बरोबर होते. तो कागद आम्ही जपून ठेविला आहे. तो पाठकोऱ्यावरच लिहिलेला आहे. साथीच्या वर्षी, २०२० मध्ये, सगळ्या बैठका पडद्यावर झाल्या आणि कोणत्याही दोन राष्ट्रांत त्यामुळे बेबनाव झाल्याचे आम्ही ऐकले नाही. पण विमाने सुरू होताच वाऱ्याही सुरू झाल्या. समोरासमोर बसून बोलण्यात काही असते, हे आम्हीही मान्य करतो; काहीच नसते तर हिंगण्यांनी दिल्लीस बिऱ्हाड कशाला केले असते? फरक इतकाच की ते बिऱ्हाड करून राहत. पंधरा मिनिटांच्या भाषणासाठी जाऊन येऊन करीत नसत.

आता मघाचा सोडलेला धागा उचलतो. परदेशी अधिकारी आमच्याकडे तीन वर्षे राहतो, फार तर चार. पहिले वर्ष शहर समजण्यात जाते, तिसरे पुढच्या नेमणुकीच्या पत्रव्यवहारात. मधल्या एका वर्षात जे होईल ते काम. आमची कचेरी एका जुन्या बंगल्यात, भाड्याने. गच्चीवर सूर्याच्या प्रकाशाने वीज करणारे तक्ते बसवावे असे टिपण आम्ही लिहिले तेव्हा त्यावर ‘उत्तम कल्पना’ असा शेरा पडला. पण खर्च आज, आणि बचत वळती होणार ती हे साहेब चौथ्या देशात असताना. घरमालक म्हणे, गच्ची माझी. राजधानी म्हणे, भाड्याच्या घरावर खर्च कशाला. आणि वीज वाचली तर श्रेय कोणाच्या वार्षिक अहवालात लिहावयाचे, हा न बोललेला प्रश्न. एका प्रमुखांनी टिपण पुढे रेटले, दुसऱ्यांनी नव्याने लिहावयास सांगितले, तिसऱ्यांस ते सापडले नाही, चौथ्यांनी विचारले की, ही इतकी चांगली कल्पना आजवर कोणास कशी सुचली नाही? आम्ही बारनिशीतून पहिल्या टिपणाचा क्रमांक काढून दिला. आमच्यासारखे इथले नोकर तीस तीस वर्षे तेथे असतात. कोणता नळ गळतो, कोणत्या खोलीत दिवसा दिवा लागत नाही, हे त्यांस अंधारात सांगता येते. पण सही त्यांची चालत नाही. ज्याची सही चालते त्यास नळ ठाऊक नसतो. वकिलातींचे पर्यावरण-विषयक खरे दुखणे आमच्या मते हे आहे. यंत्रे आणि पैसे हे त्याच्या मागून येतात. आम्ही निवृत्त झालो तोवर तक्ते बसले नव्हते. अलीकडे काही बसले आहेत असे ऐकतो. टिपण पाचव्यांदा कोणी लिहिले ते कळले नाही.

एकच प्रसंग असा आला की ज्यात आमची स्वतःची भाकरी तव्यावर होती. आमच्या भिंतीलगत आतल्या बाजूस एक भला थोरला पर्जन्यवृक्ष आहे. मुंबईच्या रस्त्यांवर ही झाडे पुष्कळ. मूळची ती अमेरिका खंडातली, म्हणजे तेही परकेच, पण आता शहराच्या अंगवळणी पडलेले. राजधानीहून सुरक्षेचा एक तज्ज्ञ तीन दिवसांसाठी आला आणि जाताना लिहून गेला की, या झाडावरून मनुष्य भिंत ओलांडू शकेल, सबब ते काढून टाकावे. त्याच्या परीने त्याचे बरोबर होते; त्यास भिंतच पाहावयास पाठविले होते. त्या वेळचे प्रशासनाचे अधिकारी म्हणाले की, आवार आपले आहे, उद्या माणसे बोलवा. महाराष्ट्रात १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. पण आत येऊन अडविणार कोण?

त्या रात्री आम्ही घरी टिपण लिहावयास बसलो. सौ. ने विचारले, “अहो, झाडापायी नोकरी घालवता की काय?” मुलीचे कॉलेजचे दुसरे वर्ष होते, आणि आमची नेमणूक दर सालच्या करारावर, प्रश्न रास्त होता. आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, “किती जुने आहे ते?” आम्ही म्हणालो, आम्ही नोकरीस लागलो तेव्हा आजच्याएवढेच होते. ती आत गेली आणि चहा करून घेऊन आली. एकोणतीस वर्षांत वरिष्ठांस उद्देशून कराराचे कलम आम्ही लिहिले ते एवढेच एकदा: १९६३ चा व्हिएन्ना करार, कलम ५५, यजमान देशाचे कायदे पाळण्याविषयी. खाली एक वाक्य जोडले की, फाटकाबाहेरची रांग याच झाडाखाली उभी असते.

आठ दिवस कोणी आमच्याशी कामापलीकडे बोलले नाही. नवव्या दिवशी प्रमुखांनी बोलावून विचारले की, पालिकेच्या उद्यान खात्याची माणसे पाहावयास येतील काय? ती आली. आमच्या आठवणीत पालिकेचा अंमलदार संमतीने फाटकाच्या आत आला तो तेव्हा पहिल्यांदा; त्यास खुर्ची आणि चहा दिला. पायरीसारख्या खालच्या फांद्या, ज्यांवरून चढता आले असते, तेवढ्या रीतसर परवानगीने उतरविल्या. वरचा विस्तार राहिला. आमचा करारही राहिला, त्या वर्षी जरा उशिरा.

निवृत्तीनंतर एकदा पेन्शनच्या कागदासाठी तिकडे जाणे झाले. मे महिना, बाराचा सुमार. रांग लावण्यासाठी फुटपाथावर रंगाचा सरळ पट्टा ओढलेला होता, पण रांग त्यावर नव्हती. ती फाटकापासून निघून झाडाच्या सावलीबरोबर वळलेली होती, आणि पहारेकरी खांब आणि दोर उचलून तासातासाने सरकवीत होता. नवे प्रमुख गाडीतून उतरत होते. त्यांनी थांबून दुभाष्याकरवी विचारले की, ही रांग अशी वाकडी का? साताऱ्याच्या गड्याने सलाम ठोकला आणि म्हणाला, “साहेब, रांग सरळच आहे. सावली वाकडी आहे.”